दुपारी दीड ते साडेपाच

अमेरिकेत टेनिसच्या स्कॉलरशिपवर जायचं पक्कं झालं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, "तिथे शिकणार काय?" कोचही हा प्रश्न विचारतात, पण जाता जाता, आणि तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी पलीकडून एकच शब्द येतो, "ग्रेट!" मी सांगितलं होतं, फिजिओथेरपी. अकरावीत खांदा गेला होता. ज्या फिजिओताईंनी मला परत सर्व्हिस करण्याइतपत नीट केलं, त्यांच्यामुळे ते डोक्यात पक्कं बसलं होतं. कोच म्हणाल्या, "ग्रेट, आमचा किनिसिऑलॉजी विभाग फार चांगला आहे." त्या खोटं बोलल्या नाहीत. किनिसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, आणि तो विभाग खरंच चांगला होता. त्याच्या लॅब दुपारी असायच्या, एवढंच.

मी २०१८च्या ऑगस्टमध्ये मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात दाखल झाले. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळांतला सगळ्यात वरचा गट. तेव्हाच्या नियमांप्रमाणे महिलांच्या टेनिस संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या. पुरुषांच्या संघाला मिळून साडेचार, आणि त्याही तुकडे करून वाटता यायच्या. म्हणून आपल्याकडच्या मुलींना पूर्ण खर्च मिळायची शक्यता मुलांपेक्षा बरीच जास्त असे. जाण्याआधीचा बराच काळ एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, एलिजिबिलिटी सेंटरला कागद पाठवण्यात गेला. नववी ते बारावीच्या मार्कशीट, त्यातून सोळा 'कोअर' विषय मोजून दाखवायचे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिलेल्या मैत्रिणींना तर विषय जुळवताना घाम फुटला होता. मी नियमित कॉलेजची, बारावी सायन्स, त्यामुळे सुटले.

अमेरिकेत पदवीला गेल्या गेल्या विषय ठरवावा लागत नाही, हे मला जाण्यापूर्वी ऐकून माहीत होतं आणि फार आवडलंही होतं. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर चार दिवसांत साईड ठरते. तिथे दोन वर्षं सगळीकडे थोडं थोडं चाखून बघायचं, मग मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायचा. सगळ्या विद्यार्थ्यांसाठी हे बऱ्यापैकी खरं आहे. खेळाडूंसाठीही कागदावर खरंच आहे.

पहिल्याच आठवड्यात मला दोन ॲडव्हायझर मिळाले. एक विभागाच्या, त्या सांगणार की पदवीसाठी काय लागतं. दुसरा ॲथलेटिक्सचा, तो सांगणार की मला काय झेपतं. दुसऱ्याचं ऑफिस स्टेडियमच्या इमारतीत होतं. त्याने टेबलावर आठवड्याचा छापील तक्ता ठेवला. सोमवार ते शुक्रवार दुपारी दीड ते साडेपाच पट्टा आधीच पिवळा रंगवलेला. सकाळी साडेसहा ते साडेसात, आठवड्यातून तीनदा, वजनं. तोही पिवळा. शिवाय पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना संध्याकाळी सक्तीचा स्टडी हॉल, तो निळा. "उरलेल्या पांढऱ्या जागेत तुला हवं ते शीक," असं तो म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता, उलट चांगलाच होता. पण त्याच्यासमोर तक्ता होता आणि विभागाच्या बाईंसमोर पदवीची यादी. दोन्ही कागद एकत्र ठेवून बघणं माझ्यावर होतं.

इथे एनसीएएचे दोन नियम सांगायला हवेत, कारण ऐकताना ते खेळाडूच्या भल्याचे वाटतात. पहिला, सीझनमध्ये दिवसाला जास्तीत जास्त चार आणि आठवड्याला वीस तास सराव, आणि एक दिवस सुट्टी. मॅचचा दिवस मात्र कितीही लांबला तरी तीनच तास धरतात. बसचा, विमानाचा प्रवास मोजत नाहीत. खांद्याला बर्फ लावून ट्रेनरकडे बसलेला वेळही मोजत नाहीत. तेव्हा वीस म्हणजे वीस नव्हेत, हे कोणालाही कळेल. दुसरा नियम जास्त मजेशीर: सरावासाठी वर्ग बुडवायचा नाही. बाहेरगावच्या सामन्याशी जोडून असेल तेवढाच अपवाद. आता सरावासाठी वर्ग बुडवता येत नसेल, तर सरावाच्या वेळेतला वर्ग घ्यायचाच नाही, हा त्यावरचा सोपा उपाय. नियम मोडला जात नाही. वर्ग बुडत नाही, कारण तो कधी घेतलेलाच नसतो.

रसायनशास्त्राचा पहिला भाग मी पहिल्या सेमिस्टरला केला, सकाळी आठच्या लॅबमध्ये. वजनं उचलून सरळ लॅबमध्ये. ब्युरेटचा नळ फिरवताना हात थरथरायचे. ते निभलं. अडलं ते ॲनाटॉमीला. ॲनाटॉमीची लॅब तीन तासांची. बहुतेक सेक्शन दुपारी दोनला सुरू होणारे, आणि सकाळचा एकच, तो शुक्रवारी. आमच्याकडे टेनिसचा खरा सीझन वसंतात, जानेवारी ते मे. संघ गुरुवारी दुपारी निघायचा, शुक्रवारी एक सामना, रविवारी दुसरा, रविवारी रात्री परत. म्हणजे वसंतात शुक्रवारची लॅब गेली. शरद सेमिस्टरला तोच शुक्रवारचा सेक्शन मोकळा, पण तो आधी वरच्या वर्गातल्या मुलांनी भरलेला. खेळाडूंना नोंदणी लवकर करता यायची, तरीसुद्धा आमच्याआधी ज्येष्ठ खेळाडू होतेच. विभागाचा नियम साधा होता, दोन लॅब चुकल्या की नापास. प्राध्यापकांना प्रवासाचं पत्र दिलं की ते लेखी परीक्षा पुढे-मागे करून देत. हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये कोणीतरी समोर बसलंय आणि मी पेपर सोडवतेय, असं मी केलंय. पण चिरलेला नमुना हॉटेलात नेता येत नाही.

संघात आम्ही आठ जणी. दोघी अमेरिकन, बाकी सगळ्या बाहेरच्या. तिघी कम्युनिकेशनला, दोघी बिझनेसला, एक सायकॉलॉजीला, एक स्पोर्ट मॅनेजमेंटला. मी एकटी विज्ञानातली. कम्युनिकेशनचे वर्ग दुपारी एकच्या आत संपायचे, निबंध आणि सादरीकरणं बसमध्ये बसून करता यायची, आणि वरच्या वर्गातल्या मुलींना कोणते प्राध्यापक प्रवासाचं पत्र बघून तोंड वाकडं करत नाहीत हे पाठ होतं. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिलं जातं. कोणीही कोणावर जबरदस्ती करत नाही. नवी मुलगी विचारते, "तू काय घेतलंस?" आणि उत्तर मिळतं ते सोयीचं असतं. २००८मध्ये यूएसए टुडेने अमेरिकाभरच्या संघांचे मेजर तपासून पाहिले होते, आणि एकाच संघातले बरेच खेळाडू एकाच विषयात गोळा झाल्याचं जागोजागी दिसलं होतं. मला ते वाचून नवल वाटलं नाही. एका बसमध्ये बसणारी, एकाच वेळापत्रकाची माणसं एकाच विषयात जाणार नाहीत तर काय होईल?

कम्युनिकेशनवाल्यांची 'सोपा विषय' म्हणून टिंगल करायची तिकडे फॅशन आहे. मला ती कधी पटली नाही. माझी सर्बियन रूममेट त्या मेजरची. तिसऱ्या भाषेत शिकून ती जे लिहायची, ते आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या अर्ध्या वर्गाला जमलं नसतं. सोपं काय आणि सोयीचं काय, यात लोक गल्लत करतात.

अमेरिकन मुलींना एक पळवाट होती, ऑनलाइन वर्ग. सीझनमध्ये त्या निम्मे विषय ऑनलाइन घ्यायच्या आणि लॅबसाठी सकाळ मोकळी ठेवायच्या. मला तो मार्ग बंद होता. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून सेमिस्टरला किमान बारा क्रेडिट लागतात, आणि त्यात ऑनलाइनचा एकच विषय, तीन क्रेडिटपर्यंत, मोजला जातो. एनसीएएलाही बारा क्रेडिटच लागतात. म्हणजे एखादा विषय अवघड गेला म्हणून मध्येच सोडला आणि अकरावर आले, तर त्याच दिवसापासून कोर्टवर पाऊल ठेवता येत नाही, आणि दुसऱ्या बाजूने व्हिसाही धोक्यात. दोन ऑफिसं, खेळाचं स्टेडियममध्ये, परदेशी विद्यार्थ्यांचं कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोघांचा आकडा एकच. अमेरिकन मुलीला विषय सोडताना एक परवानगी लागायची, मला दोन. म्हणून ज्या विषयात आपटायची शक्यता आहे तो घेऊन बघू, ही चैन मला नव्हती. दोन वर्षं चाखून बघण्याची जी कल्पना घेऊन मी गेले होते, ती इथेच बरीचशी आटली.

स्टॅटिस्टिक्स माझ्या वाट्याला आलं ते किनिसिऑलॉजीसाठी सक्तीचा विषय म्हणून. दुसऱ्या सेमिस्टरला, सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी नऊ. शुक्रवार बुडायचे, पण सगळी टिपणं मिळायची आणि गृहपाठ लॅपटॉपवर कुठेही करता यायचा. त्याच काळात आमच्या असिस्टंट कोच बाहेर बसलेल्या मुलींकडून सामन्यांचे चार्ट करून घ्यायच्या: पहिली सर्व्ह कुठे पडली, परतीचा फटका कुठे आला, रॅली किती फटक्यांची झाली. मी दुसऱ्या सर्व्हवरचे पॉइंट वेगळे काढले. आमच्या क्रमांक दोनच्या खेळाडूला वाटायचं की ती लांब रॅलीत हरते. चार्टमध्ये दिसत होतं की लांब रॅलीत ती बरोबरीत आहे. हरायची ती दुसऱ्या सर्व्हवर, पहिल्या तीन फटक्यांत. कोचनी तिच्या सरावातला अर्धा तास त्यावर लावला. मला त्या दिवशी जे वाटलं ते ॲनाटॉमीच्या पुस्तकाने कधी वाटलं नव्हतं, हे मान्य करायला मी एक सेमिस्टर घेतलं. पुढच्या शरदात प्रॉबॅबिलिटी घेतली, कॅल्क्युलसचे दोन भाग केले. सगळे वर्ग सकाळी. गणित विभागाला दुपारची लॅब नसते, हे देवाचे उपकार.

तरी मेजर बदलायचं मनात येत नव्हतं. फिजिओ म्हणून आले होते, फिजिओच. तिथे फिजिओथेरपिस्ट व्हायला पदवीनंतर तीन वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम लागतो, डीपीटी. त्याला पदवी कोणत्याही विषयातली चालते, फक्त ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, रसायन, भौतिक हे विषय लॅबसकट झालेले हवेत. म्हणजे मेजर बदलून सुटका नव्हती, लॅब कुठे ना कुठे येणारच. उन्हाळ्यात त्या करता येतात, इतर खेळांच्या संघांतल्या काही मुली करायच्याच. पण उन्हाळ्याची फी वेगळी, ती स्कॉलरशिपमध्ये धरायची की नाही हे कोचच्या हातात. आणि उन्हाळाच आम्हाला आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा खेळायला मोकळा.

याच सुमारास मी केन कोल्टरबद्दल वाचलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. खेळाडूंची युनियन करता यावी म्हणून २०१४मध्ये शिकागोत सुनावणी झाली, तेव्हा त्याने साक्षीत सांगितलं की त्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण रसायनशास्त्राचा एक वर्ग फुटबॉलच्या वेळेवर येत होता. शेवटी त्याने सायकॉलॉजी घेतलं. युनियन पुढे झाली नाही. राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१५मध्ये त्यात पडायलाच नकार दिला. ते सगळं सोडा. माझ्या डोक्यात राहिला तो रसायनशास्त्राचा वर्ग. नॉर्थवेस्टर्नसारखं विद्यापीठ, संघाचा कॅप्टन, आणि अडलं कुठे तर वेळापत्रकात.

उलट उदाहरण ॲडव्हायझरने दिलं, बहुधा मला धीर द्यायला. मायरन रोल, फ्लोरिडा स्टेटचा फुटबॉलपटू, एक्सरसाइज सायन्सची पदवी अडीच वर्षांत संपवली, २००८मध्ये ऑक्सफर्डसाठीची मानाची स्कॉलरशिप मिळून ऱ्होड्स स्कॉलर झाला, मुलाखत देऊन विमानाने थेट मॅरिलँडच्या सामन्याला पोचला, आणि पुढे न्यूरोसर्जन. मी म्हटलं, "त्याच्यासाठी विमान ठेवलं होतं. माझ्या शुक्रवारच्या लॅबसाठी ठेवाल?" तो हसला. मीही हसले. पण माझं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. अपवाद दाखवून नियम ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

मग २०२०चा मार्च. १२ तारखेला एनसीएएने हिवाळा आणि वसंतातल्या उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. आम्ही बाहेरगावच्या सामन्याला निघायच्या बेतात होतो, बॅगा दारात. दहा दिवसांत भारताची आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली आणि मी कॅम्पसजवळच्या फ्लॅटमध्ये अडकले. दुपारी दीड ते साडेपाच पहिल्यांदाच मोकळे. आणि नेमकं त्याच वेळी मेजर जाहीर करायची मुदत समोर. एनसीएएच्या नियमाने तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर जाहीर असावाच लागतो, आणि तोपर्यंत त्या पदवीचे निदान चाळीस टक्के क्रेडिट पूर्ण लागतात. चौथ्या वर्षाआधी साठ, पाचव्याआधी ऐंशी. आमच्याकडे पदवी एकशेवीस क्रेडिटची, म्हणजे अठ्ठेचाळीस, बहात्तर, शहाण्णव.

यातली मेख मला त्या स्क्रीनसमोर बसेपर्यंत समजली नव्हती. पहिल्या दोन वर्षांत क्रेडिट विद्यापीठातल्या कोणत्याही पदवीचे असले तरी चालतात. तिसऱ्या वर्षाच्या दाराशी मात्र सगळी वही उलटून बघतात: तू जी पदवी सांगतेस, त्या पदवीत यातले किती बसतात? म्हणजे मुक्तपणे चाखून बघितलेलं सगळं एकदम एकाच ताटात मोजलं जातं. पदवीचं किती पूर्ण झालं ते दाखवणाऱ्या डिग्री ऑडिटमध्ये 'व्हॉट-इफ' म्हणून सोय असते. मेजर बदलून पाहिलं तर काय होईल ते दिसतं. ॲडव्हायझरने झूमवर स्क्रीन शेअर केली. माझी एकूण क्रेडिट बासष्ट. किनिसिऑलॉजीत त्यातली पंचावन्न बसत होती. हिरवा पट्टा, छान. मग त्याने यादीतून स्टॅटिस्टिक्स निवडलं. पट्टे परत काढले गेले. रसायन, पोषणशास्त्र, किनिसिऑलॉजीची ओळख, हे सगळे विषय खाली 'इतर' नावाच्या रकान्यात घसरले, आणि मोकळ्या ऐच्छिक क्रेडिटचा कोटा भरल्यावर उरलेले सरळ बाहेर पडले. आकडा थांबला सत्तेचाळीसवर.

हवे होते अठ्ठेचाळीस.

दोन वर्षांत एकाही विषयात बी-प्लसच्या खाली न आलेली मुलगी एका क्रेडिटमुळे अपात्र, कारण तिला विषय बदलायचाय. किनिसिऑलॉजीतच राहिले तर पूर्ण पात्र, पण ॲनाटॉमीची लॅब अजून शिल्लकच, म्हणजे पदवी कधी होईल ते सांगता येत नाही. ॲडव्हायझर म्हणाला की महामारीमुळे सवलत मागून बघता येईल. मी म्हटलं, सवलतीच्या भरवशावर नको. त्या उन्हाळ्यात लिनिअर अल्जिब्रा ऑनलाइन होता, तीन क्रेडिट. उन्हाळ्याची फी कोचनी बजेटमधून काढून दिली. एरवी ती मिळाली असती का, मला शंका आहे. त्या वर्षी प्रवासाचे पैसे वाचले होते.

घरी सांगायचं राहिलं होतं. आईने व्हिडिओ कॉलवर ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिजिओचं काय झालं गं?" बाबांनी मागून विचारलं, "स्टॅटिस्टिक्स म्हणजे शेवटी शिक्षिका का?" मी व्हिसाचं गणित मांडलं, कारण आवडतं-बिवडतं यावर आमच्या घरात फार वेळ चर्चा होत नाही. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष नोकरी करता येते. तुमच्या मेजरचा सरकारी कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी दोन वर्षं मिळतात. आमच्या किनिसिऑलॉजीचा कोड त्या यादीत नव्हता, स्टॅटिस्टिक्सचा होता. एकाच इमारतीत एक जिना वर-खाली असलेले दोन विभाग, एकात एक वर्ष, दुसऱ्यात तीन. काही विद्यापीठांनी तर अर्थशास्त्राच्या पदवीचा कोड बदलून 'इकॉनोमेट्रिक्स'चा करून घेतलाय, तो यादीत बसतो म्हणून. डीपीटीला गेले असते तर तीन वर्षांची फी घरातून, खेळाची स्कॉलरशिप तोपर्यंत संपलेली. बाबा म्हणाले, "मग विचारतेस काय, घे की." आई गप्प होती. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, खांदा कसा आहे विचारायला.

त्या जुलैत मध्येच एक धक्का बसला. सहा तारखेला सरकारने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. चौदा तारखेला ते मागे घेतलं. त्या आठ दिवसांत मेजर वगैरे सगळंच फिजूल वाटत होतं.

त्यानंतर गाडी सुरळीत चालली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. रद्द झालेल्या सीझनच्या बदल्यात एनसीएएने एक वर्ष वाढवून दिलं होतं. मी ते घेतलं आणि त्यात स्टॅटिस्टिक्सच्याच मास्टर्सचं पहिलं वर्ष केलं. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाने जाहिराती करायची मुभा मिळाली. संघातल्या अमेरिकन मुलीने एका स्थानिक दुकानासाठी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ केले आणि मार्केटिंगच्या वर्गात तोच प्रोजेक्ट म्हणून दिला. व्हिसामुळे आम्ही बाकीच्या फक्त लाइक करत होतो.

ॲडव्हायझर लोकांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मुली नंतर त्यांनाच शिव्या घालतात. त्यांच्या डोक्यावर एपीआर नावाचा आकडा असतो. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूला सेमिस्टरमागे दोन गुण, एक पात्र राहिल्याचा, एक विद्यापीठात टिकल्याचा. सगळ्यांचे मिळून हजारपैकी काढतात, चार वर्षांची सरासरी घेतात, आणि ती ९३०च्या खाली गेली तर संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाद. आठ जणींच्या संघाचे वर्षाला बत्तीस गुण होतात. त्यातले तीन गेले की ते वर्ष थेट ९०६वर. फुटबॉलच्या मोठ्या संघात एखादा मुलगा नापास झाला तर आकडा जेमतेम हलतो, आमच्यात एकीने विषय बदलायचं धाडस केलं आणि फसलं तर सगळ्यांना भोगावं लागतं. अशा माणसाला तुम्ही विचारता, "मी अवघड विषय घेऊ का?" तो काय सांगणार? तो तुमचं वाईट चिंतत नाही. त्याला तुम्ही पात्र राहायला हव्या आहात, आणि तुम्हालाही तेच हवंय. फक्त तुम्हाला आणखी काहीतरी हवंय, ते विचारणं त्याच्या नोकरीत लिहिलेलं नाही.

हे टोकाला गेलं की काय होतं ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दिसलं. चॅपेल हिलला १९९३ ते २०११ एवढी वर्षं असे वर्ग चालले ज्यांत तास होत नसत, एक निबंध द्यायचा आणि उत्तम श्रेणी घ्यायची. २०१४च्या चौकशी अहवालाप्रमाणे सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू. एनसीएएने २०१७मध्ये विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण हे वर्ग सगळ्यांना खुले होते, खेळाडूंपुरते मर्यादित नव्हते. आमच्याकडे असं काही नव्हतं. आमच्याकडे सगळं नियमाप्रमाणे होतं, आणि तरीही संघातल्या तिघी कम्युनिकेशनला होत्या.

मेजर मी निवडला की तक्त्याने निवडला, असं मला अधूनमधून विचारतात. तक्त्याने शंभरेक विषयांतले बहुतेक बाद केले, व्हिसाच्या कोडने उरलेल्यांतले आणखी काही, आणि मग जे पाच-सहा राहिले त्यांतून मी निवडला. निवडलेला आवडला, हे माझं नशीब. तिसऱ्या वर्षी संघात आलेली एक जर्मन मुलगी आर्किटेक्चर करायला आली होती. तिथले स्टुडिओ दुपारी एक ते पाच. तिने दोन सेमिस्टर काढली, टेनिस सोडलं, स्कॉलरशिप सोडली, घरून पैसे आणले आणि स्टुडिओत जाऊन बसली. तिच्या घरचं तेवढं होतं म्हणून ते जमलं. कोच महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

आता दर वर्षी कोणाचे ना कोणाचे आई-बाबा फोन करतात. मुलगी अठरा वर्षांखालच्या रँकिंगमध्ये वर आहे, तीन विद्यापीठांनी विचारलंय, तिला बायोटेक घेता येईल ना? मी त्यांना सांगते, कोचना "घेता येईल का" असं विचारू नका, उत्तर 'ग्रेट'च येईल. सराव किती वाजता असतो ते विचारा, आणि त्या विषयाच्या दुसऱ्या वर्षाच्या लॅब किती वाजता असतात ते विद्यापीठाच्या वेळापत्रकात स्वतः बघा, ते सगळ्यांना खुलं असतं. मग संघाच्या पानावरचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडा. बऱ्याच ठिकाणी खेळाडूच्या नावासमोर उंची, गाव आणि मेजर लिहिलेला असतो. मागच्या चार-पाच वर्षांची रोस्टरंही तिथेच सापडतात. पहिल्या वर्षाला बायॉलॉजी लिहिलेली मुलगी तिसऱ्या वर्षाला काय लिहितेय, ते एकेक नाव घेऊन बघा. परवा एका वडिलांनी हे खरोखर केलं. तासाभराने त्यांचा फोन आला, "चौघी बायॉलॉजीच्या होत्या, एकच उरली. ती कशी काय उरली असेल?" मी म्हटलं, तिलाच इन्स्टाग्रामवर विचारा. खेळाडू मुली अशा प्रश्नांना उत्तर देतात.